कथनाची साधने : नगर जिल्ह्यातील तीन वाटा

१

'साधन' हा शब्द मराठी वाङ्मयव्यवहारात दोन निरनिराळ्या अर्थांनी रूढ आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतील पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा साधन म्हणजे अस्सल कागद, पुरावा, हा अर्थ त्यांना अभिप्रेत होता. ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये आपल्या ग्रंथाला 'प्रतिभासाधन' हे नाव दिले, तेव्हा त्यांच्यासमोर होते ते लेखकाने कमवावयाचे कौशल्य. एक अर्थ इतिहासाभ्यासाकडे गेला, दुसरा लेखनतंत्राच्या चर्चेकडे. परिणामी कथा-कादंबरीच्या लेखकाची साधने कोणती, या प्रश्नाचा मराठी समीक्षेत प्रायः दुसऱ्याच अर्थाने विचार झाला. निवेदनपद्धती, कथानकाची बांधणी, पात्रचित्रण यांची चर्चा विपुल आहे. लेखकाच्या हाताशी असलेले कोश, दप्तरे, आठवणी, कौटुंबिक कागद आणि ऐकीव हकिकती यांची चर्चा मात्र 'लेखकाने अभ्यास केला आहे' एवढ्या प्रशस्तीवर थांबते.

या दोन अर्थांची फारकत करून कादंबरीचे स्वरूप नीट समजत नाही. लेखक जे साधन हाती घेतो ते निर्विकार नसते. कोणाचे जगणे नोंदले गेले आणि कोणाचे नाही, याचा निवाडा त्या साधनात आधीच झालेला असतो, आणि तो कादंबरीच्या रूपबंधात उतरतो. नगर जिल्ह्याशी (२०२४ पासून अहिल्यानगर) जन्माने जोडलेल्या तीन लेखकांच्या आधारे हे विधान तपासता येते. कर्जत येथे १८९४ साली जन्मलेले फडके, अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार (१९३५–१९९६) आणि जवळ्याचे रंगनाथ पठारे (जन्म १९५०) हे ते तीन लेखक होत. जिल्हा एक असला तरी तिघांची साधने अगदी वेगळी आहेत: पहिल्याचे तंत्र, दुसऱ्याचे स्मरण आणि तिसऱ्याचा दस्तऐवज.

२

फडक्यांच्या लेखनात नगरच्या भूमीचा ठसा शोधू जाणे व्यर्थ आहे, आणि हीच गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्यांची साधने कोणत्याही एका भूमीशी बांधलेली नव्हती. 'अल्ला हो अकबर' (१९१७) ही त्यांची आरंभीची कादंबरी मेरी कोरेली यांच्या 'टेम्पोरल पॉवर'च्या आधारे लिहिलेली आहे. इंग्रजी कादंबरीचे वाचन हेच या लेखकाचे पहिले दप्तर होते असे म्हणता येईल. 'प्रतिभासाधन'मागील भूमिकाही त्याच्याशी सुसंगत आहे. प्रतिभा जन्मजात असली तरी तिला शिस्त लावता येते. कथानकाची गुंफण, उत्कंठेची वाढ, निरगाठ आणि तिची उकल यांचे काही नियम असतात आणि ते शिकता येतात, अशी ही भूमिका आहे.

या भूमिकेचे ऐतिहासिक मोल नाकारण्याचे कारण नाही. लेखन ही दैवी देणगी आहे, ती काहींनाच लाभते, या समजुतीला तिने छेद दिला. जे शिकवता येते ते कोणालाही शिकता येते, असा एक लोकशाहीवादी आशय तंत्राच्या आग्रहात दडलेला होता. फडक्यांवर 'तंत्रवादी' असा शिक्का मारून त्यांना निकालात काढणाऱ्या नंतरच्या समीक्षेने हा आशय पुरेसा ध्यानात घेतला नाही.

तथापि तंत्राच्या या विचारात एक गृहीत आहे. लिहावयाचा अनुभव सर्वांना सारखाच उपलब्ध आहे आणि फरक पडतो तो मांडणीत, असे ते गृहीत आहे. निरगाठ पडण्यासाठी पात्राला निवडीचे स्वातंत्र्य असावे लागते. प्रेम करावे की कर्तव्य पाळावे, या मुलाशी लग्न करावे की त्या, हा पेच ज्याच्यापुढे उभा राहू शकतो त्याच्याच आयुष्याचे 'कथानक' होते. फडक्यांच्या कादंबरीतील सुशिक्षित, नागर, मध्यमवर्गीय नायक-नायिकांना ही मुभा आहे. ज्याचा दिवस गावकीच्या कामाने आखला जातो, ज्याची भाकरी दुसऱ्याच्या ओसरीवरून येते, त्याच्या आयुष्याला या तंत्राच्या भाषेत कथानकच उरत नाही. सार्वत्रिक म्हणून मांडलेले साधन अशा प्रकारे एका वर्गाच्या मापाचे निघते.

३

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोल्याच्या डोंगराळ भागात, हे माप कसे अपुरे पडते ते दिसते. 'बलुतं' (१९७८) हे आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. तरीही कथात्म साधनांच्या चर्चेत ते आणणे भाग आहे, कारण त्याची निवेदनरचना कथात्म साहित्याकडून घेतलेली आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच माणूस आहे, परंतु एक गावकुसाबाहेरचा आणि दुसरा अक्षरांच्या जगात शिरलेला. ही दुभंगलेली योजना केवळ कलात्मक सोय म्हणून आलेली नाही. फडक्यांच्या अर्थाने हे तंत्र आहेच. पण ते लेखनाच्या पाठातून आलेले नसून, ज्याच्याकडे रोजनिशी नाही, पत्रव्यवहार नाही, घराण्याचे कागद नाहीत, अशा माणसाला स्वतःचेच साक्षीदार व्हावे लागते त्या गरजेतून आलेले आहे.

या ठिकाणी त्र्यं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. महसूल खात्याच्या नोकरीत खेड्याचा व्यवहार जवळून पाहिलेल्या आत्र्यांनी वतनदार, अलुते-बलुते, त्यांचे हक्क आणि मानपान यांची जी तपशीलवार नोंद केली, तिच्याइतके समृद्ध साधन ग्रामीण कादंबरीच्या लेखकाला क्वचितच मिळेल. कोणत्या कारूला काय मिळते, कोणत्या प्रसंगी कोणाचा मान, हे सारे तेथे आहे. परंतु तेथील दृष्टी गाडा कसा चालतो हे पाहणाऱ्याची आहे. 'बलुतं' या शब्दाचा अर्थ 'गावगाडा' आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२–१९३८) हे दोन्ही ग्रंथ सांगतात. ते मागायला दारात उभे राहणाऱ्या मुलाला काय वाटते हे त्यांपैकी एकही सांगत नाही, आणि ते सांगणे हे त्यांचे कामही नव्हे.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. महारवतनाचा कायदेशीर आधार तेव्हा संपला, आणि त्याभोवतीची शब्दसंपदा हळूहळू दप्तरातून बाहेर पडली. वीस वर्षांनी पवार त्याच शब्दसंपदेतील एक शब्द ग्रंथनाम म्हणून उचलतात. व्यवहारातून हद्दपार झालेला शब्द स्मरणाच्या वाटेने साहित्यात परत येतो, आणि येताना त्याची दिशा बदललेली असते. पूर्वी तो देणाऱ्याच्या हिशेबातील बाब होता. आता तो घेणाऱ्याच्या लज्जेचा आणि संतापाचा वाचक बनतो.

मात्र स्मरण हे फुकट मिळणारे साधन आहे असे समजणे चुकीचे ठरेल. कागद वापरणाऱ्याला कागदाची लाज वाटत नाही. आठवण वापरणाऱ्याला आई-वडील, आप्त, वस्ती आणि स्वतःचा दुबळेपणा यांना उघड्यावर आणावे लागते. ही किंमत मोजल्याखेरीज 'बलुतं'सारखे लेखन संभवत नाही, आणि समीक्षेने 'प्रांजळपणा' हा गुण नोंदवताना त्यामागील ही किंमतही मोजली पाहिजे.

४

पठारे यांच्या दोन बृहत् कादंबऱ्यांची नावेच दस्तऐवजांची आहेत. 'ताम्रपट' (१९९४) या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) ही जिल्ह्यातीलच श्रीरामपूर येथील शब्दालय प्रकाशनाने प्रसिद्ध केली. संगमनेर येथे दीर्घकाळ पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या लेखकाने पुराव्याची भाषा कथनाच्या कामाला लावावी, हे लक्षणीय आहे.

ताम्रपट म्हणजे एके काळी दानाचा, हक्काचा कोरीव पुरावा. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ मध्ये, स्वातंत्र्यसैनिकांना दिलेले सन्मानपत्रही त्याच नावाने ओळखले गेले. शासनाचा पट एवढेच सांगतो की अमुक इसमाने लढ्यात भाग घेतला. कादंबरीचा पट १९४२ पासून पुढच्या तीन-चार दशकांचा आहे, आणि लढ्यानंतर सत्ता, सहकार आणि शिक्षणसंस्था यांच्या जाळ्यात त्या मूल्यांचे काय झाले हा तिचा प्रश्न आहे. प्रवरा परिसरात लोणी येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्या आरंभाची स्वप्ने आणि पुढील राजकारण या दोहोंचा अनुभव असलेल्या प्रदेशातूनच ही कादंबरी यावी, यात नवल नाही. दस्तऐवज एका क्षणाला प्रमाणित करतो; कादंबरी त्या क्षणाचा पुढचा हिशेब मागते.

'कुलवृत्तांत' हा तर मराठीतील एक स्वतंत्र ग्रंथप्रकार आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रामुख्याने कोकणस्थ ब्राह्मण घराण्यांनी सनदा, इनामपत्रे, पत्रव्यवहार आणि क्षेत्रोपाध्यांच्या नामावळ्या यांच्या आधारे आपापल्या कुलांचे वृत्तांत छापले. कुणबी-मराठा शेतकरी कुळाकडे असा कागदांचा साठा बहुधा नसतो. पाटीलकी असेल तर एखादा महजर किंवा वतनपत्र, क्षेत्राच्या उपाध्यायाच्या वहीतील चार-पाच पिढ्यांची नावे, आणि बाकी सांगोवांगी. पठारे हा रूपबंध स्वीकारतात आणि सुमारे सातशे वर्षांच्या पटावर कल्पिताने तो भरतात. पण भरताना त्याचा हेतू उलटा करतात. कुलाची अखंड व शुद्ध रेषा सिद्ध करणे हे छापील कुलवृत्तांताचे प्रयोजन असते. ही कादंबरी त्याच नावाखाली सरमिसळीची, स्थलांतरांची आणि तुटलेल्या धाग्यांची कथा सांगते. प्रकाराचे नाव तेच ठेवून त्यातील अभिमानाचा पाया काढून घेणे, ही तिची खरी कामगिरी होय.

याच लेखकाच्या अध्यक्षतेखाली २०१२ मध्ये अभिजात मराठी भाषा समिती नेमली गेली, आणि मराठीला तो दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. समितीच्या कामात शिलालेख आणि प्राचीन ग्रंथ यांची सलग साखळी दाखवावी लागते. मध्ये खंड पडला तर दावा दुबळा होतो. कुलवृत्तांताच्या कादंबरीत जेथे साखळी तुटते तेथेच लेखकाला पात्र उभे करता येते. एकच साधन दोन प्रयोजनांसाठी वापरले असता त्याचे नियम कसे बदलतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तरीही या वाटेच्या मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. शीर्षक मोजते ते पाटलांना. स्त्रिया कथनात येतात, गणनेत येत नाहीत. रूपबंध पुरुषवंशाचा असल्यामुळे लेखकाची सहानुभूती कितीही व्यापक असली तरी चौकट तीच राहते. दुसरे असे की, दस्तऐवजाच्या आकाराची कादंबरी दस्तऐवजासारखीच पसरू लागते आणि माहितीचा भार काही वेळा प्रसंगाच्या तीव्रतेवर पडतो.

५

मराठेशाहीतील महजरांवर एक खूण आढळते. अक्षरशत्रू पाटील सहीऐवजी नांगराची आकृती काढत असे. 'निशाणी नांगर' हे शब्द त्या कागदांच्या वाचकाला परिचित आहेत. गावच्या कारूंची खूणही आपापल्या हत्याराची असे. हाताचे साधन आणि पुराव्याचे साधन असे दोन्ही अर्थ तेथे एका रेघेत भेटतात. मात्र त्या कागदावर खूण उमटली म्हणजे माणसाचे म्हणणे उमटले असे होत नाही. मजकूर दुसऱ्याने लिहिलेला असतो. खूण फक्त त्याला संमती देते.

कथात्म लेखनापुढील प्रश्न या दोहोंमधील अंतराचा आहे. फडक्यांनी मजकूर लिहिण्याचे कौशल्य शिकवता येते हे दाखवले, पण खूण करणाऱ्यांचा विचार केला नाही. पवारांनी खूण करणाऱ्याला स्वतःचा मजकूर लिहावयास लावला. पठारे यांनी कागदाचा घाट घेऊन त्यात न मावलेले माणूसपण भरण्याचा प्रयत्न केला. या तीन वाटा एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, आणि त्यांची उतरंड लावणेही निरर्थक आहे.

आज मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), दाते-कर्वे यांचे खंड आणि १८८४ चे नगर जिल्ह्याचे गॅझेटियर संगणकाच्या पडद्यावर सहज उघडता येतात. नव्या लेखकाला पाऊसमान, पिके, दुष्काळांच्या हकिकती आणि जुन्या शब्दांच्या छटा घरबसल्या मिळतात. ही सोय मोठी आहे. परंतु ती नोंदलेल्या जगाचीच आहे. महसुलाच्या नजरेने टिपलेले खेडे शोधण्यास सोपे झाल्यामुळे तेच खेडे अधिकाधिक कादंबऱ्यांतून दिसू लागण्याचा धोका त्यात आहे. म्हणून कादंबरीचा अभ्यास करताना तिच्यात किती संदर्भ आले याची यादी करून थांबता येणार नाही. त्या संदर्भांनी कोणाला बोलते केले आणि कोणाला केवळ खुणेपुरते ठेवले, हे अभ्यासकाला प्रत्येक संहितेत पुन्हा तपासावे लागेल.