‘नेबर रोझिकी’मधील एक संबोधन

विला कॅथर यांच्या ‘नेबर रोझिकी’ (१९३०) या कथेतील अँटन रोझिकी हा बोहीमियातून निघून, लंडन व न्यूयॉर्क येथे शिंपीकाम करून अखेर नेब्रास्कात शेतकरी झालेला गृहस्थ होय. त्याच्या भूमिनिष्ठेचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. परंतु कथेतील खरा पेच जमिनीचा नसून संबोधनाचा आहे, असे आम्हांस वाटते.

थोरली सून पॉली ही अमेरिकन, गावात वाढलेली. ती सासऱ्याशी अंतर राखूनच वागते. ती कंटाळली तर मुलगा शेती सोडून शहरातील नोकरीकडे वळेल, ही म्हाताऱ्याची धास्ती. म्हणून शनिवारी रात्री तो आपली मोटार त्या दोघांच्या हवाली करतो. त्याचे इंग्रजी मोडके आहे. ‘दॅट’मधील आद्य घर्षक ध्वनी चेक भाषेत नाही, त्यामुळे त्याच्या तोंडी तेथे ‘ड’ येतो. (तो ध्वनी मराठीतही नाही, सबब अनुवादात हा दोष दिसणारच नाही!)

शेतातील काटेरी तण काढताना त्याचे हृदय दगा देते. त्याला सावरताना पॉली प्रथमच ‘फादर’ म्हणते. येथे ‘मामंजी’ योजणारा अनुवादक कथेचा घात करील. आपल्याकडे ते संबोधन विवाहाबरोबरच सुनेच्या वाट्यास येते. पॉलीने मात्र ते आपण होऊन दिले आहे. ‘बाबा’ चालेल, पण त्यापूर्वीचा तिचा परकेपणा शब्दाशब्दांत राखला पाहिजे.

शेवटी डॉक्टर बर्ली दफनभूमीपाशी थबकून जे चिंतन करतो, ते आम्हांस अधिक बोलके वाटते. पॉलीच्या त्या हाकेनंतर त्याची गरज नव्हती.