इंद्रजालाचे वारस

९ एप्रिल १९५६ च्या रात्री बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात पी. सी. सरकार यांनी दीप्ती डे या सतरा वर्षांच्या मुलीच्या अंगातून गोल करवत आरपार फिरवली. मग तिचे हात चोळले, तिला हाका मारल्या. ती उठली नाही. तिच्या चेहऱ्यावर कापड आले, निवेदक रिचर्ड डिम्बल्बी पुढे झाले आणि कार्यक्रम संपला. मुलगी डोळ्यांदेखत मेली असे समजून घाबरलेल्या प्रेक्षकांनी बीबीसीला फोनवर फोन केले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हीच बातमी होती आणि लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमधल्या सरकारांच्या खेळांची तिकिटे हातोहात गेली.

हा प्रसंग बहुतेक वेळा जाहिरातीची युक्ती म्हणून सांगितला जातो. मला तो जादूकलेच्या समीक्षेचा पहिला धडा वाटतो. स्त्रीला कापण्याचा खेळ पी. टी. सेल्बिट यांनी १९२१ सालीच लंडनमध्ये केला होता. पस्तीस वर्षांत तो पाहून पाहून गुळगुळीत झाला होता. त्या रात्री वेळ चुकली असो की चुकवलेली असो, ‘ती हसत उठते’ हा ठरलेला शेवट गळाला आणि जुना खेळ पुन्हा भयंकर झाला. म्हणजे प्रेक्षकाला धरून ठेवते ती पेटाऱ्यातली युक्ती नव्हे, प्रसंगाची बांधणी.

सरकारांना ही बांधणी कळत होती. १९१३ साली टांगाईलजवळ जन्मलेला हा माणूस गणपती चक्रवर्तींकडे शिकला आणि त्याने हातचलाखीच्या सुट्या खेळांचे ‘इंद्रजाल’ नावाचे सलग रंगनाट्य केले. महाराजाचा पोशाख, तुरा, रंगवलेले पडदे, वाद्यवृंद, मोठा चमू. या थाटावर खूप लिहिले गेले आहे. त्यातल्या ‘वॉटर ऑफ इंडिया’कडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. साधा तांब्या उलटा करून रिकामा करायचा, बाजूला ठेवायचा; मधे एखादा अवाढव्य खेळ, आणि पुन्हा तोच तांब्या, पुन्हा पाणी. रात्रभर हे चालायचे. सगळ्या झगमगाटाला एका धाग्यात ओवणारी ही गोष्ट होती, आणि त्या तांब्याकडे परत येण्याची नेमकी वेळ साधण्यात त्यांची खरी कारागिरी होती. ती अभिनेत्याची कारागिरी आहे, आणि तालमीशिवाय ती येत नाही.

६ जानेवारी १९७१ रोजी जपानच्या दौऱ्यावर असतानाच त्यांचे निधन झाले. मुलगा प्रदीप, म्हणजे पी. सी. सरकार ज्युनियर, यांनी वारसा उचलला. ताजमहाल ‘गायब’ करण्यासारखे त्यांचे प्रयोग गाजले. मला त्यात कल्पनेपेक्षा आकार मोठा झालेला दिसतो. वडिलांचा तांब्या प्रत्येकाला आपल्या घरातला वाटायचा. ताजमहालाच्या बाबतीत आपण फक्त बातमी वाचतो. याच घरातली मनेका सरकार आज स्वतः जादूगार म्हणून मध्यभागी उभी राहते. कापली जाणारी, हवेत तरंगणारी, पेटीत कोंडली जाणारी बाई हा या रंगमंचाचा ठरीव साचा होता. त्यामुळे हा बदल मला ताजमहालापेक्षा मोठा वाटतो.

बाकी देशभर अनुकरण झाले ते पोशाखाचे. गावोगावच्या जादूगारांनी तुरा आणि झगा घेतला, बांधणी घेतली नाही. के. लाल यांच्यासारखे वेगावर हुकमत असलेले कलावंत वेगळे. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांचे घराणेही वेगळे. ते आज तिसऱ्या पिढीत नाट्यगृहातले प्रयोग टिकवून आहे. महाराष्ट्रात जादूला आणखी एक काम मिळाले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी बुवाबाजीचे चमत्कार करून दाखवले आणि त्यामागची युक्तीही उघड केली. हे काम मोलाचे आहे. पण उकल ऐकून सुटणारा प्रेक्षक आणि चकित होऊन घरी जाणारा प्रेक्षक यांच्या गरजा निराळ्या आहेत. पहिल्याची सोय झाली म्हणून दुसऱ्याला वाऱ्यावर सोडता येत नाही.

नवी पिढी मनोवाचनाकडे वळली आहे. सुहानी शाह यांचा रंगमंच जवळजवळ रिकामा असतो आणि प्रेक्षकाच्या मनातले नाव एवढेच त्यांचे नेपथ्य. लहानपणापासून मोठे खेळ केलेल्या कलावंताने सामान टाकून संवाद ठेवला, ही निवड मला विचारपूर्वक वाटते. सरकारांच्या तांब्याची जात याच्या जवळची आहे. मात्र ट्रकभर सामान, सुतार, शिंपी, प्रकाशयोजनाकार, वादक असा चमू बाळगणारे रंगनाट्य यातून टिकणार नाही. पेटारे बनवणारे कारागीर गेले की ते खेळ पुन्हा उभे करता येत नाहीत, कारण त्यांचे नकाशे गुप्त ठेवण्याचीच या धंद्याची रीत आहे.

आपण नाटकाची, गाण्याची, नाचाची परीक्षणे छापतो. जादूच्या प्रयोगाचे परीक्षण मराठीत क्वचितच वाचायला मिळते. युक्ती उघड न करताही लिहिण्यासारखे पुष्कळ असते: खेळांचा क्रम, मधल्या जागा, सहकलाकारांना मिळालेले स्थान, बोलण्याची भाषा, विनोद शिळा आहे की ताजा. प्रयोग पाहून कोणी हे छापू लागले, तर उसना तुरा डोक्यावर ठेवणाऱ्याला पुढच्या खेळाआधी तालीम करावी लागेल.