नारळीकरांचा ‘धूमकेतू’ आणि मी डिलीट केलेली रात्र

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी त्यांचं काही ना काही पुन्हा वाचायला काढलं. मी ‘धूमकेतू’ काढली. शाळेत असताना मामेभावाच्या एनसीईआरटीच्या आठवीच्या इंग्रजी पुस्तकात ती पहिल्यांदा भेटली होती. दुर्बिणीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं त्यात या कथेचा वाटा मोठा, म्हणून हे लिहायला जरा जीवावर येतंय. पण फुटणाऱ्या ताऱ्यांच्या पहिल्या काही तासांवर पीएचडी करताना मला ती कथा एका महत्त्वाच्या जागी चुकलेली वाटते. आणि तीच चूक मी तिसगावला, आमच्या घराच्या स्लॅबवर, स्वतः करून बसले आहे.

कथा थोडक्यात अशी. कलकत्त्याचे मनोज दत्त, म्हणजे दत्तदा, हौशी आकाशनिरीक्षक. एका रात्री त्यांना ओळखीच्या ताऱ्यांत एक अनोळखी पाहुणा दिसतो. ते बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेला कळवतात, शोध खरा ठरतो, धूमकेतूला त्यांचं नाव मिळतं. पुढे इंग्लंडमधला एक शास्त्रज्ञ गणित मांडतो की हा पृथ्वीवर आदळणार. मग गुप्त परिषद, अण्वस्त्र घेऊन जाणारं यान, आणि इकडे घरी शांतीसाठी यज्ञ.

(जाता जाता: या संस्थेचे संस्थापक वेणू बाप्पू यांच्या नावाचाही एक धूमकेतू आहे. विद्यार्थी असताना १९४९ मध्ये हार्वर्डला घेतलेल्या फोटोप्लेटवर त्यांना तो सापडला. बाप्पू-बोक-न्यूकर्क. दत्तदांनी पत्र बरोबर पत्त्यावर टाकलं होतं म्हणायचं.)

कथेतली मला सगळ्यात आवडणारी जागा यानाची नाही, यज्ञाचीही नाही. सुरुवातीला दत्तदा नकाशे काढून तपासतात, ती. आपल्याला दिसलं म्हणजे ते आहेच, असं ते धरून चालत नाहीत. आमचं निम्मं काम हेच असतं. आजच्या आकाशातून कालचं आकाश वजा करायचं आणि जे उरतं ते खरं की कॅमेऱ्याची खोडी, ते बघायचं.

अडचण त्यानंतर सुरू होते. शोध लागला आणि हौशी माणसाचं काम संपलं. पुढच्या सगळ्या कथेत दत्तदा सत्कारांना कंटाळतात, परिषदेला बोलावणं येतं तेही शोधक म्हणून, पाहुणे म्हणून. दुर्बिणीपाशी त्यांची गरज कुणालाच पडत नाही. टक्कर होणार हे कागदावर ठरतं, आणि ठरतं ते एकदम ठाम. मोजमाप कुणी केलं, किती रात्री केलं, याचा पत्ता नाही.

खरं कसं घडतं ते आपण २०२५ च्या फेब्रुवारीत टीव्हीवर पाहिलं. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २०३२ मध्ये आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग वाढत ३.१ टक्के झाली. संभाव्य पट्ट्यात मुंबई येते म्हटल्यावर मराठी चॅनेलवाल्यांना दोन दिवस दुसरं काही सुचेना. आठवडाभरात तीच शक्यता जवळपास शून्यावर आली. नवं गणित कुणी शोधलं नव्हतं, नव्या रात्रींची मोजमापं त्यात पडत गेली. कक्षा म्हणजे ‘अमुक वेळी, अमुक जागी’ अशा नोंदींचा ढीग. पहिली नोंद ही त्या ढिगातली एकच, आणि एकटी ती जवळजवळ निरुपयोगी.

माझ्या विषयात हे आणखी टोकाला जातं. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो नावाचे कुलपं दुरुस्त करणारे गृहस्थ राहतात. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री ते गच्चीवरच्या दुर्बिणीला लावलेला नवा कॅमेरा तपासत होते. शहराचा उजेड नडतो म्हणून त्यांनी एनजीसी ६१३ या दीर्घिकेचे वीस-वीस सेकंदांचे पुष्कळ फोटो काढले. पहिल्या फोटोंत काही नाही. मध्ये थोडा खंड, आणि नंतरच्या फोटोंत एक ठिपका, फोटोगणिक वाढत जाणारा. ताऱ्याच्या पोटातला स्फोटाचा धक्का पृष्ठभागाशी येऊन प्रकाश बाहेर फुटतो, तो क्षण त्यांच्या कॅमेऱ्यात आला होता. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यावर शोधनिबंध आला, लेखकांत बुसोंचं नाव आहे.

आता समजा, बुसोंना फक्त सुंदर फोटो हवा असता. मग त्यांनी सगळे फोटो एकावर एक रचून, ज्याला आपण स्टॅकिंग म्हणतो ते करून, एकच चित्र बनवलं असतं. स्टॅकिंगनं अंधूक गोष्टी उठून दिसतात, पण वेळ पुसली जाते. आणि ‘सिग्मा क्लिपिंग’ हा पर्याय चालू असेल तर सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणी बहुतेक फ्रेममध्ये काय आहे ते बघतं आणि चारदोनच फ्रेममध्ये दिसलेलं ‘कचरा’ म्हणून काढून टाकतं. उपग्रहाची रेघ जावी म्हणून ही सोय. अचानक उगवलेला ताराही त्याच झाडूत जातो.

आता माझी रात्र. मे २०२३, सुट्टीला घरी आले होते. मित्राची सहा इंची दुर्बीण आणि कॅमेरा सोबत. १६, १७ आणि १८ मे, तीन रात्री एम१०१ ही दीर्घिका धरली. सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीचीच्या थोडी वर असते ती. १९ ला अमावास्या आणि शनिजयंती, गावातले निम्मे लोक शिंगणापूरच्या तयारीत. त्यात लाइट गेलेली, म्हणजे आमच्यासाठी पर्वणीच. आण्णा अधूनमधून वर येऊन विचारायचे, “काय घावलं का गं?” मी म्हणायचे, “अजून नाही.”

तीन रात्रींच्या फ्रेम एकत्र केल्या, क्लिपिंग चालू ठेवलं, चित्र झकास आलं. लॅपटॉप भरला होता म्हणून मूळ फ्रेम उडवल्या. मग १९ च्या रात्री, आपल्या अकराच्या सुमारास, जपानच्या कोइची इतागाकींना एम१०१ मध्ये अतिनवतारा सापडला. एसएन २०२३आयएक्सएफ. जेमतेम दोन कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे आमच्या हिशेबात शेजारच्या वाड्यात. पाठोपाठ जगभर विचारणा सुरू झाली: आदल्या रात्रीच्या कुणाकडे फ्रेम आहेत का? हौशी लोकांच्या अशा फ्रेम नंतर शोधनिबंधांत वापरल्याही गेल्या. पहिला प्रकाश कधी निघाला त्याचा अंदाज आला तो १८ मेचा, भारतीय वेळेनुसार रात्री साडेअकराच्या आसपास. अमेरिकेतल्या मोठ्या दुर्बिणींवर तेव्हा दिवस होता. तिसगावात मी दहापासून अडीचपर्यंत त्याच दीर्घिकेवर कॅमेरा लावून बसले होते.

माझ्या फ्रेममध्ये तो असताच असं मी म्हणत नाही. पहिल्या तासांत तो फार मंद होता. सहा इंचीला कदाचित झेपला नसता. पण ‘बारा वाजून दहा मिनिटांनी इथे इतक्या तेजापर्यंत काही नव्हतं’ ही रिकामी नोंदसुद्धा स्फोटाची वेळ आवळायला लागते. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात स्फोटानंतर सुमारे १.४ तासांपासूनची निरीक्षणं आहेत, आणि त्यांवरून ताऱ्याभोवती धुळीचं कवच असावं, ते पुढे धक्क्यानं उद्ध्वस्त झालं असावं, असा निष्कर्ष आहे. प्रकाश तासा-दोन तासांत बदलत होता. मी ते तास एका चित्रात घोटून ठेवले.

कथेवर याचा राग काढणं अन्यायाचं आहे, कळतं मला. ती डिजिटल कॅमेऱ्याच्या आधीच्या जगातली आहे आणि तिचा रोख अंधश्रद्धेवर आहे, निरीक्षणाच्या पद्धतीवर नाही. (त्या रोखातही दत्तदांच्या बायकोच्या वाट्याला फक्त भाबडेपणा यावा, हे मला आता खटकतं.) पण हौशी निरीक्षकाचं जे चित्र मराठी मुलांच्या मनात बसलं, ते बरंचसं तिथून आलेलं: आधी दिसलं, नाव मिळालं, संपलं. आज आपल्याकडे धूमकेतू आला की ग्रुपवर जे फोटो फिरतात त्यांत तेच दिसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास आला तेव्हा करंजीच्या डोंगरावर तो टेकलेला असे कितीतरी सुरेख फोटो मला आले. शेपटी निळी, आकाश जांभळं. वेळ किती, एक्स्पोजर किती, मूळ फाइल आहे का, विचारलं तर उत्तर, “अगं, ती उडवली.” मी कुणाला बोलू?

नाव मिळण्याचे दिवस संपलेत असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानच्या हिदेओ निशिमुरांनी साध्या कॅमेऱ्याला २०० मिलिमीटरची लेन्स लावून पहाटेच्या, सूर्याजवळच्या आकाशात धूमकेतू शोधला. स्वयंचलित दुर्बिणी तिकडे फारशा फिरकत नाहीत. पण तसे निशिमुरा एखादेच. बाकीच्यांसाठी दत्तदांच्या कथेत एक प्रसंग वाढवायला हवा होता: बातमी छापून आल्यावर दुसऱ्या रात्री ते पुन्हा गच्चीवर जातात, तोच ठिपका शोधतात, वेळ आणि जागा लिहून बंगळूरला दुसरं पत्र टाकतात. मग तिसरं.

एम१०१ चं ते चित्र आण्णांनी नगरहून फ्रेम करून आणलंय, बाहेरच्या खोलीत आहे. आलेल्या प्रत्येकाला दाखवतात. अतिनवतारा जिथे असायला हवा, तिथे माझ्या सॉफ्टवेअरनं अगदी स्वच्छ काळं आकाश ठेवलंय.