गवती चहा आणि पाहुण्याची ओवी

दार्जिलिंग-मुन्नारला जाऊन आलेली माणसं चहाच्या मळ्यातल्या मुक्कामाविषयी बोलायला लागली की चित्र ठरलेलं असतं. हिरवा उतार, त्यावर रेंगाळणारं धुकं, व्हरांड्यातली वेताची खुर्ची आणि हातात वाफाळता कप. कप आयता आलेला असतो. तो आणणारं माणूस त्या दिवशी किती वाजता उठलं, हे वर्णनात कधी येत नाही.

मुळशीतल्या रिह्याला चहाचा मळा नाही. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत घोटवड्याला आलं की रस्ता रिहे खोऱ्यात शिरतो. पुढे खांबोली, कातरखडक. पावसाळ्यात इथले उतार दार्जिलिंगशी स्पर्धा करतील इतके हिरवे होतात, पण ती हिरवाई भातखाचरांची आणि करवंदीच्या जाळ्यांची. आम्ही राहिलो ते घर एका कुटुंबाचं. मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी, पुढे त्यांचा स्वतःचा संसार. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे गवती चहाचा एक दणकट गड्डा. घरच्या मावशींनी विळ्याने चार पाती कापली, गाठ मारून आधणात टाकली, आल्याचा तुकडा ठेचला. त्या घराचा चहाचा मळा एवढाच, आणि तो पुरला.

पण हा मजकूर त्या घराविषयी कमी आणि एका ओवीविषयी जास्त आहे. ओवीही एकच नेमकी नव्हे. एका घडणीच्या अनेक ओव्या या डोंगरपट्ट्यात गायल्या गेल्या, त्या घडणीविषयी म्हणू या. जात्यावर बसलेली बाई सांगते: माझा भाऊ पाहुणा आलाय. शेजारीण विचारते, कोण आलंय गं तुझ्याकडे? आणि ती सांगते, की त्याला मी शेवया करते.

या ओव्या आज आपल्याला वाचता-ऐकता येतात, त्याचं मोठं श्रेय गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांना. फ्रान्समधून येऊन पुण्याचे झालेले पॉइतवाँ आणि राईरकर मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत काम करत होते. गरीब डोंगरी संघटनेच्या बायांशी बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं, की या बायांचं खरं बोलणं सभेत नाही, जात्यावर होतं. नांदगाव, कोळवडे अशा मुळशीतल्या गावांपासून महाराष्ट्रभर मिळून सुमारे १,१०,००० ओव्या गोळा झाल्या. २०१७पासून ‘पारी’ने (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळाने) त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. लाखाच्या वर ओव्या, आणि बहुतेकींची रचनाकार कोण, ते कुणालाच माहीत नाही.

आता ती शेवयांची ओवी जरा सावकाश पाहू.

पहिली गोष्ट तिच्या घाटाची. ओवी दोन ओळींची. पण गाताना बाई ओळीचा अर्धा भाग पुन्हा घेते, मध्ये ‘गं’, ‘बाई’ अशी भर टाकते, आणि दोन ओळींचं चांगलं लांबलचक गाणं होतं. चालीला या बाया ‘गळा’ म्हणतात. एका हाताने खुंटा धरून पाळू फिरवायची, दुसऱ्या हाताने मूठभर दाण्यांची वैरण घालायची. त्या कामाच्या चालीनेच गळा वळतो. म्हणून छापील ओवी वाचली की ती सपाट वाटते. बहिणीने भावाच्या येण्याची बातमी एका ओळीत सांगितलेली दिसते खरी, पण गाताना ती बातमी पाच-सहा फेरे घेत पुढे सरकते, त्याला जेवढा रस्ता चालावा लागला असेल तेवढी लांबवून.

दुसरी गोष्ट शेजारणीची. भाऊ आला हे थेट सांगता आलं असतं. मग मध्ये ही शेजारीण कशाला? मला वाटतं, ओवीतलं सगळ्यात शहाणं पात्र तेच आहे. सासरी नांदणाऱ्या बाईने ‘माझ्या माहेरचं माणूस आलं’ असं आपणहून मिरवणं शोभत नाही. कुणी विचारलं तर सांगावं लागतंच! ओवी ती सोय करून देते. प्रश्न दुसरीच्या तोंडी घालायचा आणि उत्तर मात्र साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा गळ्यात द्यायचं. त्या उत्तरात भावाचं नाव नसतं, नातं असतं. नाव सांगितलं असतं तर तो एक पाहुणा झाला असता. नातं सांगितल्याने तिच्यामागे कुणीतरी उभं आहे, ही बातमी झाली.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते ओवीचा प्राण: शेवया.

शेवया पाहुणा आल्यावर कुणी करायला घेत नाही. त्या उन्हाळ्यात होतात. रवा-पीठ मळून तासन् तास मुरवायचं, मग पाटावर किंवा हाताने तार काढायची, बाजेवर, काठीवर वाळत घालायची, कावळ्या-कोंबड्यांपासून राखायची, डब्या-मडक्यांत भरून ठेवायची. भाऊ दिवाळीत आला काय किंवा श्रावणात, त्याच्या ताटात पडतो तो वैशाखातला दिवस. ‘शेवया करते’ असं बाई वर्तमानकाळात म्हणते, पण त्या क्रियापदाखाली भूतकाळ पुरलेला आहे. कुणीतरी येईल, या भरवशावर तिने ऊन राखून ठेवलं होतं. एवढं सगळं एका नामात बसवून ती पुढच्या वैरणीला हात घालते. कवीला यावर दोन कडवी खर्ची घालायचा मोह झाला असता.

भावाला शेवया आवडल्या का? ओवी सांगत नाही. तो काय बोलला, पोटभर जेवला का, रात्री कुठे झोपला, काही नाही. पाहुणचाराची आपली सगळी वर्णनं पाहुण्याने लिहिलेली असतात: काय खाल्लं, काय दिसलं, गादी कशी होती. इथे पाहुणा मुका आहे. बोलते ती यजमानीण, तीही पहाटेच्या अंधारात, जेव्हा पाहुणा भिंतीपलीकडे गाढ झोपलेला असतो. अडवणारं कुणी नाही, म्हणून तिला हवं ते म्हणता येतं. घरातलं धान्य कुणाचं, किल्ली कुणाच्या कमरेला, सासूने दूध किती दिलं, यातलं काहीही ओवीत येत नाही. शेवया मी करते, पाहुणा माझा. चुलीवर तिची सत्ता दिवसा किती चालत होती कोण जाणे. जात्यावर मात्र पुरती तिचीच.

ओव्यांतला पाहुणा बहुतेक वेळा भाऊ, बाप किंवा भाचा असतो. आपल्या लोकांसाठीचा हा पाहुणचार. कुणाच्या हातचं घ्यावं, हा प्रश्न डोंगरातल्या गावांतच नव्हता, शहरातही होता. रिह्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर, पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९०च्या ऑक्टोबरात चहाचे कप आले, तेव्हा टिळक, रानडे, गोखले असे पाहुणे समोर होते. कुणी तो प्यायला, कुणी नुसता हातात घेतला. नावं छापून आली आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. एका कपाने शहर ढवळून निघालं. म्हणून नवबौद्ध बायांच्या ओव्या वाचताना मी थबकते. त्यांच्या जात्यावर बाबासाहेब भाऊ होऊन येतात. ज्या ओवीत बहुधा रक्ताच्या नात्यालाच जागा होती, तिची चौकट तीच ठेवून त्यांनी आत बसणारं माणूस बदललं. शिकल्यासवरल्या माणसांना पेलली नाही ती गोष्ट दोन ओळींत, दळता दळता.

आणि आता पाहुणा म्हणून मी. रक्ताची नाही, जातीची चौकशी कुणी केली नाही, पैसे आगाऊ भरलेले. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याच्या बऱ्याच आधीपासून पुण्याच्या आसपासच्या शेतकरी कुटुंबांनी हा उद्योग ओळखला होता. डोंगरापलीकडे हिंजवडी आहे. तिथली माणसं शनिवारी निवांतपणा शोधत इकडे येतात. नाकं मुरडणारे म्हणतात, पाहुणचार विकायला काढला. मला तसं वाटत नाही. ओवीतल्या बहिणीच्या कष्टाला मोल नव्हतं, म्हणून ते कष्ट पवित्र होते असं थोडंच आहे? मावशींच्या हिशेबाच्या वहीत निदान त्यांच्या भाकरी मोजल्या जातात. रात्री ताटात वाफाळता इंद्रायणी भात होता. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली काढलेलं हे वाण आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेलं. जुना वास आणि नवा उतारा एका दाण्यात. हे घरही मला तसंच वाटलं.

मात्र ओवी मनात ठेवून राहायला गेलं की काही गोष्टी जास्त दिसतात. ताटात कुरडया आल्या. मी विचारलं, कधीच्या? “उन्हाळ्यातल्या. तुमच्यासारखं कुणी ना कुणी येतंच की.” हे वाक्य त्या ओवीतलं नाही, पण तिच्या अगदी शेजारी बसेल.

फाटकाशी जातं होतं. तळ नि पाळू एकावर एक, वर मातीच्या कुंडीत सदाफुली. येणारे तिथे उभे राहून फोटो काढतात. मावशींना विचारलं, तुम्ही दळलंय का यावर? “सासूबाईंनी. मी आले तवा गिरणी होती.” ओव्या येतात का? त्या हसल्या. एखाद-दुसरी ऐकलेली, पण दळल्याशिवाय आठवत नाहीत म्हणाल्या. मला त्यांचं म्हणणं पटलं. हाताला फेरा नसेल तर गळा कुठून फुटावा?

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. पाऊस थांबून पागोळ्या गळत होत्या. स्वयंपाकघरात डोकावले तर भाकरी झाकून ठेवलेल्या, चहा उकळून बाजूला काढलेला, गवती चहाची गाठ गाळणीत. मिक्सरच्या भांड्यात खोबरं, मिरच्या, कोथिंबीर भरून तयार, झाकणही लावलेलं. मावशी ओट्याला टेकून नुसत्या उभ्या होत्या.

“काय झालं? लाईट गेली का?”

“न्हाई. तुम्ही निजल्या होता. लई आवाज करतोय ह्यो, दचकाल म्हणून थांबले.”

मी म्हटलं, उठलेय मी आता. त्यांनी बटण दाबलं.