नायिकेचा पगार

मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या आवडत्या नायिका सांगा म्हटले, की वाचक बहुधा प्रेमकथांपासून सुरुवात करतात. चार-पाच नावे झाली, की गाडी वेगळ्याच वळणाला लागते. मनात खरोखर घर करून बसलेल्या नायिकेचे प्रेम धूसर झालेले असते, तिची घरातली ओढाताण मात्र लख्ख आठवते. घरात पैसा कोण आणतो, किल्ल्या कुणाच्या कमरेला, कुणाला विचारल्याशिवाय चार आणे खर्च करता येत नाहीत, हे ज्याने किंवा जिने दाखवले, त्यांची नायिका टिकली. बाकीच्या दिसायला छान होत्या, इतकेच आठवते.

सुरुवातीच्या दोन ठळक नायिकांचे नाव एकच आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857ची, मराठीतली पहिली कादंबरी. विधवांच्या हालांबद्दल तिला मनापासून कळवळा आहे, पण धर्मप्रसाराचा हेतूही झाकलेला नाही. तिच्यातली यमुना आता परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपुरती उरली आहे. हरिभाऊ आपट्यांची यमू तशी उरली नाही. 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक निघाले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ वाचकांच्या घरी क्रमशः जाऊ लागली. पंचविशी नुकतीच ओलांडलेला एक पुरुष लिहीत होता आणि बोलत होती यमू, प्रथमपुरुषी, घरगुती, मध्येच विषय सोडून भलतीकडे जाणारी. वाचकाला मिळणारा आनंद या बोलण्यातच आहे. वडिलांचा धाक, दादाचा आधार, सासरच्या माणसांचे टोमणे हे सारे ती सांगते तेव्हा कुणी आपल्याला समाजसुधारणा शिकवत आहे असे वाटत नाही. दुपारी ओसरीवर बसून कुणाचे तरी ऐकतो आहोत, असे वाटते.

या कादंबरीतले मुंबईचे बिऱ्हाड नीट पाहावे. नवऱ्याबरोबर, रघुनाथरावांबरोबर, यमू तिथे वाचते, चार सुशिक्षित बायकांत मिसळते, मनातले नवऱ्याशी बोलते. एवढे मोकळे दिवस तिच्या वाट्याला पुन्हा येत नाहीत. पण ते सगळे सुख नवऱ्याच्या जिवावर उभे होते. तो गेला आणि बिऱ्हाड मोडले, यमू परत सासरच्या मोठ्या घरात आली आणि तिथल्या शंकरमामंजींनी तिचे केशवपन जबरदस्तीने करवले. यमू शहाणी होती, शिकलेली होती. हातात स्वतःचा पैसा मात्र नव्हता. हरिभाऊ हे कुठे बोलून दाखवत नाहीत, पण शेवटची प्रकरणे वाचताना ते जाणवत राहते.

मग हातात पैसा आला तर? त्याचे उत्तर 1933 साली मिळाले, आणि ते वाचून महाराष्ट्रात गहजब झाला. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. ही बाई कोण, की कुणी पुरुषच आहे, यावर तर्क लढवले गेले. त्या होत्या बाळूताई खरे, नंतरच्या मालतीबाई बेडेकर. लोकांना झोंबले ते प्रौढ कुमारिकांच्या शरीरभावनेबद्दलचे लिखाण. पण त्यात याहून अवघड काहीतरी होते. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे एका कथेचे नावच पुरेसे बोलके आहे. मुलगी शिकली, नोकरीला लागली, तिच्या पगारावर घर चालू लागले आणि तिच्या लग्नाची घाई कुणालाच उरली नाही. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’मधली अचला लग्नाच्या चौकटीबाहेर संसार मांडायला निघाली. धीट पुस्तक, पण अचलेपेक्षा ती कमावती मुलगी जास्त खरी वाटते.

त्याच काळात ना. सी. फडक्यांच्या नायिका लोकप्रिय होत्या. फडक्यांची सफाई नाकारता येणार नाही. पुढे काय होणार या ओढीने पाने उलटायला लावण्यात त्यांचा हात धरणारा विरळाच. पण तिथे महिनाअखेर येतच नाही.

खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) राजवाडा असल्यामुळे पैशाचा प्रश्न नाही, मात्र सत्तेचा आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. लेखकाचे झुकते माप शर्मिष्ठेला आहे आणि वाचकांनीही तिलाच जवळ केले. खरे तर जिवंत पात्र देवयानीचे आहे. तिचा अहंकार, तिचा संताप खांडेकरांना आवडत नाही, तरी लिहिताना तो हातून उत्तम उतरला आहे. श्री. ना. पेंडशांच्या ‘रथचक्र’मध्ये (1962) पुन्हा कष्ट आले. तिथली ‘ती’ मुलांनी शिकावे म्हणून एकत्र कुटुंबातून बाहेर पडते आणि उरीपोटी राबते. तिला नाव नाही, पण ते नसल्याचे वाचताना लक्षातही येत नाही.

तोवरची ही नायिका बहुतेक वेळा पांढरपेशा घरातली होती, हे कबूल केले पाहिजे. अण्णाभाऊ साठ्यांची वैजयंता मात्र तमाशातली. ऊर्मिला पवारांच्या ‘कवच’ कथेतली आई कोकणात आंबे विकते. आंब्यांच्या निमित्ताने पुरुष द्व्यर्थी बोलतात, तिचा शाळकरी मुलगा ते ऐकून मरणाचा ओशाळतो, आणि ती गिऱ्हाइकांना तोडीस तोड उत्तर देऊन आपला माल विकते. एका बाजारात, एका टोपलीभोवती लेखिकेने जात, बाईपण आणि रोजची कमाई एकत्र आणली आहे. कित्येक जाडजूड कादंबऱ्यांना हे साधलेले नाही.

गौरी देशपांडे यांच्या नायिका सुस्थितीतल्या, परदेशांत वावरणाऱ्या, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. ‘तेरुओ’ वाचताना थोडा हेवा वाटतोही. पण पोटाची चिंता नसलेली बाई प्रेमाबद्दल किती निर्भयपणे विचार करू शकते, हे त्यांच्याइतके कुणी दाखवले नाही. मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’तली (2005) मीरा तोच विचार अधिक कडवटपणे पुढे नेते. त्याच वर्षीच्या कविता महाजन यांच्या ‘ब्र’मधली प्रफुल्ला घरातून निघून आदिवासी भागातल्या महिला सरपंचांपर्यंत पोचते. 73व्या घटनादुरुस्तीने त्यांना खुर्ची दिली, पण तिच्यावर बसून बोलणे किती जड जाते याची ही कादंबरी. मधे मधे ती अहवालासारखी होते. तरी त्या सरपंच बायांचे आवाज विसरता येत नाहीत.

पण या सगळ्यांत वरचे पान शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ला (1990) द्यावे लागेल. थोरली मुलगी, आईवडील आणि बहिणींचा भार, वर्षानुवर्षांची नोकरी, विवाहित वरिष्ठाशी गुंतलेले नाते, आणि एके दिवशी ढासळलेले मन. विभावरीबाईंच्या कमावत्या मुलीची ही सत्तावन्न वर्षांनंतरची अवस्था. आता ती निःश्वास सोडत नाही, कोसळते, आणि सरस्वतीसारख्या मैत्रिणीच्या सोबतीने हळूहळू उभी राहते. रेणुका शहाणे यांनी 2009 साली तिच्यावर चित्रपट काढला, पण मूळ पुस्तकातली तुटक, स्वतःशीच भांडणारी भाषा वाचायलाच हवी.

सध्या पौराणिक आणि ऐतिहासिक स्त्रियांवर कादंबऱ्या हौसेने लिहिल्या जातात. हरकत नाही. पण गावात घरोघर फिरणारी आशासेविका, औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर पॅकिंग करणारी मुलगी, फ्लॅटचे हप्ते एकटीने फेडणारी बाई यांच्यावर यमूच्या तोडीची कादंबरी अजून यायची आहे. ती येईपर्यंत वाचकांनी एवढे करावे: ग्रंथालयातून ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘रीटा वेलिणकर’ एकाच वेळी घरी आणावीत आणि पाठोपाठ वाचावीत.