नकली ग्रेनचा सोस

हातात महागडा डिजिटल कॅमेरा, त्यावर लाखभराची लेन्स, आणि घरी येऊन काय, तर त्या स्वच्छ फोटोवर संगणकात बसून फिल्मचा ग्रेन, म्हणजे तो दाणेदारपणा, टाकायचा, कोपरे काळवंडायचे, रंग विटवायचे! नागपुरातल्या हौशी छायाचित्रकारांच्या अलीकडच्या प्रदर्शनांतून हा सोस इतक्यांदा दिसला की आता बोलायलाच हवं. एकाने तर अख्खा सीताबर्डीचा, आमच्या बर्डीचा, मेन रोड कोडॅक्रोमसारखा रंगवला होता. खुद्द कोडॅकने ती फिल्म २००९ मध्ये बंद केली. यांना तिचा उमाळा आता आलाय. यातल्या निम्म्यांनी जन्मात एक रोल धुवायला टाकला नसावा.

बाकी मालाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ताडोबा-पेंचचे वाघ, जांभई देणारे नि रस्ता ओलांडणारे: पुरे झाले. फुटाळा तलावावरचा सूर्यास्त फिल्मवर कंटाळवाणा होता, डिजिटलवर तो कंटाळवाणा आणि भडक झाला.

पण याच गर्दीत काहीजण दिवेलागणीनंतर कॅमेरा घेऊन बर्डीवर उतरतात. त्यांच्या एका फोटोपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. मोज्यांचा ठेला. पाऊस नुकताच थांबलेला, मालावर ताणलेल्या प्लॅस्टिकवर पाणी साचलेलं. बॅटरीवरचा एलईडी दिवा मोज्यांतच ठेवलेला, म्हणून विक्रेत्याच्या हनुवटीवर पांढराफटक उजेड आणि कपाळ अंधारात. मागच्या दुकानाच्या पाटीचा लाल रंग त्या साचलेल्या पाण्यात उतरलाय. गिऱ्हाइकाचा फक्त हात दिसतो. विक्रेता पाचशेची नोट दिव्यासमोर धरून पारखतोय, आणि नोटेतून आलेला उजेड त्याच्या बोटांवर पडलाय. फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही.

फिल्मच्या काळात हौशी माणसाला हा फोटो असा मिळालाच नसता. दुकानात मिळणारी रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली; ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवट पडत, साध्या बल्बखाली नारिंगी. चारशे आयएसओचा रोल भरला की सगळे छत्तीस फोटो चारशेवरच. त्याहून कमी उजेडात काम करायचं तर कृष्णधवल रोल सोळाशेवर ताणायचा, डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा आणि सावल्यांतले तपशील गेले तर गेले म्हणायचं. त्या फोटोंतला ठसठशीत ग्रेन ही त्या ओढाताणीची किंमत होती. आजचा कॅमेरा ६४०० आयएसओवरही कुरकुरत नाही, आणि दर फोटोला आयएसओ बदलता येतो. रात्रीचा बाजार इतक्या सहजी पहिल्यांदाच हौशी माणसाच्या आवाक्यात आलाय. आणि हा गृहस्थ भर दुपारी फोटो काढून त्यावर ग्रेन शिंपडतो!

यावर शिस्तीचं पालुपद ठरलेलं. रोलमध्ये छत्तीसच फोटो असत, म्हणून माणूस विचार करून बटण दाबायचा म्हणे. अहो, तो विचार रोलच्या आणि धुलाईच्या पैशांचा असायचा! आग्फा क्लिक थ्रीमध्ये तर बाराच निघत. जुने अल्बम उघडा, त्या बारांत घरची माणसं ओळीने ताठ उभी दिसतील. काटकसरीला दृष्टी म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

कृष्णधवलच्या बाजूने कुणी छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचं नाव पुढे करतात. मुंबईच्या सफाई कामगारांचे ते कृष्णधवल फोटो त्या माणसांच्या अगदी जवळ जाऊन काढलेले आहेत. नक्कल करणाऱ्यांनी काळा-पांढरा उचलला, कामगार सोडला. आणि रघु राय? फिल्मवर नाव कमावलेल्या त्या माणसाने डिजिटल हाती आल्यावर मागे वळून पाहिलं नाही. गळा काढायला आमचे रविवारचे छायाचित्रकार आहेतच.

जे खरोखर रोल भरतात, स्वतः डेव्हलप करतात, बोटांना हायपोचा वास लावून घेतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ‘जुना बाज’ दिसला की गुण देणाऱ्या परीक्षकांशी. त्यांनी एका वर्षी तरी विषय द्यावा: बर्डी, रात्री आठनंतर, ग्रेन टाकायला मनाई. वाघवाल्यांनाही येऊ द्यावं, फक्त ती हातभर लेन्स घरी ठेवून. नोट पारखणाऱ्या माणसाच्या पुढ्यात जाऊन उभं राहायला ती लागत नाही.