‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि साहस या शब्दाचा अर्थ

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण, हे दाखविण्याचा हेतू लेखिकेने शीर्षकातच नोंदविला आहे. आजचा विद्यार्थी येथेच फसण्याचा संभव फार. ‘साहसी’ म्हणजे शूर, धाडसी हा रूढ अर्थ घेतला, तर ताराबाई पुरुषांच्या पराक्रमाची साक्ष देत आहेत असे वाटू लागते!

‘सहस्’ म्हणजे बळ. बळाच्या भरात, परिणामाची तमा न बाळगता केलेले कृत्य ते साहस. मनूने अठरा व्यवहारपदांत त्याची गणना केली, ती अपराध म्हणून. भर्तृहरीच्या नावावरील शृंगारशतकात स्त्रीवर दूषणांची जी माळ घातली आहे, तीत साहसांचे नगर हेही एक दूषण आहे. ताराबाई ही माळ हाती घेऊन तिचा एकेक मणी पुरुषांच्या पदरात टाकतात. स्त्रिया निर्दोष आहेत असा त्यांचा दावाच नाही. तेच दोष पुरुषांत अधिक असताना शिक्षा मात्र स्त्रीला का, एवढेच त्या विचारतात. हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी करण्यात आली), आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. त्याला बुलढाण्याच्या एका मराठा घरातील स्त्रीने दिलेले हे उत्तर आहे.

त्या काळच्या सुधारणाविषयक वादांत स्त्री ही बहुधा तृतीयपुरुषी असे. तिच्याविषयी पुरुष पुरुषांशी बोलत. ताराबाईंनी पुरुषाला ‘तुम्ही’ म्हणून समोर उभे केले. त्यांचे गद्य घरगुती बोलीचे आहे. वाक्ये लांबतात, प्रश्नावर प्रश्न येतो, रचनेला शिस्त नाही. या विस्कळीतपणाला दोष म्हणणे भाग आहे. परंतु विष्णुशास्त्री चिपळूणकरी वळणाच्या घोटीव वाक्यात हा संताप मावला असता काय, याची शंकाच वाटते. पातिव्रत्याची कल्पना लेखिका पूर्णपणे टाकीत नाही, त्यामुळे तर्काची साखळी मधूनमधून सैल पडते. तिच्याकडे दुर्लक्ष करून या निबंधाला सरसकट आधुनिक ठरविणे इतिहासाला धरून नाही.

ताराबाईंचे दुसरे कोणतेही प्रकाशित लेखन उपलब्ध नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. नंतर १९७५ साली स. गं. मालशे यांनी निबंध पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत तो जवळजवळ विस्मृतीतच राहिला. मधल्या काळात ‘साहस’ या शब्दातील अपराधाची छटा मराठीतून बहुतांशी पुसली गेली. जुन्या अर्थाने ताराबाईंनी आपल्यावरील आरोप परतविला. नव्या अर्थाने तोच शब्द आता त्यांच्या लेखनाला लावता येतो.